मेंढी मेली? मग कातडं दाखवा: हखामनी राजाच्या कळपांचा हिशोब

इ.स.पू. ५०६ च्या वसंतात हखामनी राजांच्या, म्हणजे प्राचीन इराणी साम्राज्याच्या, पर्सेपोलिस या राजधानीच्या कारभारात मातीची एक छोटी पाटी लिहिली गेली. पाठवणारा पर्नक्क, म्हणजे पर्सेपोलिसभोवतालच्या पारस प्रांतातल्या सरकारी कोठारांचा मुख्य कारभारी. ज्याला पाठवली तो हरेन, गुराढोरांचा वरिष्ठ अधिकारी. मजकूर थोडका आहे. दारियस राजानं आज्ञा केली आहे की माझ्या खासगीतली १०० मेंढरं इर्तशदुनाला द्यावीत; राजानं मला सांगितलं तसं मी तुला सांगतो आहे, तू ती दे. इर्तशदुना म्हणजे ग्रीक ज्या राणीला आर्तिस्तोने म्हणतात ती, साम्राज्याचा संस्थापक सायरस याची मुलगी आणि दारियसची बायको.

राजानं फक्त आकडा सांगितला आहे. कुठल्या कळपातली, नर की माद्या, कुठल्या वयाची, याबद्दल अक्षर नाही. ते ठरवायचं हरेननं. आणि कामाची खरी मेख तिथंच आहे. शंभर व्यालेल्या माद्या उचलून दिल्या, तर पुढच्या वर्षी तेवढी कोकरं कमी होतात आणि ती तूट अनेक वर्षं भरत नाही. शंभर वयस्क नर दिले तर कळपाला फारसा धक्का बसत नाही. म्हणजे हुकूम हातात पडला त्या दिवशी हरेनकडे प्रत्येक कळपाची नर-मादी आणि वयवार मोजणी तयार असायला हवी. आठ-दहा दिवसांच्या वाटेवर पांगलेली मेंढरं ऐनवेळी मोजून होत नाहीत.

ही मोजणी कशी राखली जात होती, हे कळायला आपल्याकडे दोन मोठे आधार आहेत. एक पर्सेपोलिसचा. तिथल्या तटबंदीत १९३३-३४ साली शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात हजारो पाट्या सापडल्या, बहुतेक एलामी भाषेत, इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातल्या. दुसरा बॅबिलोनियातला (आजचा दक्षिण इराक), निप्पूर आणि उरुक या शहरांतला. पर्सेपोलिसच्या पाट्यांवर शिधा आणि जमाखर्च दिसतो. बॅबिलोनियात मेंढपाळाशी केलेला करार कलमांसकट हाती लागतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, असं माझं मत आहे. नुसत्या पर्सेपोलिसवर थांबलं की कोठार दिसतं, कळप दिसत नाही.

आधी पाटी. रोजच्या नोंदीची पाटी मुठीत मावेल एवढी, जिभेच्या आकाराची. ओल्या मातीत गाठ मारलेली दोरी दाबून बसवलेली, तिची टोकं डाव्या कडेला बाहेर. डाव्या कडेवर सहसा माल देणाऱ्याचा शिक्का, मागच्या बाजूला घेणाऱ्याचा. दोन शिक्के म्हणजे दोघांनाही व्यवहार मान्य. मोठ्या अधिकाऱ्याच्या बाबतीत त्याचा एकट्याचा शिक्का पुरे होता. अशा सुट्या पाट्या केंद्रात आल्या की त्यांवरून रोजकीर्द लिहायची आणि शेवटी वार्षिक खतावणी: मागील शिल्लक, या वर्षी जमा, खर्च, हातात उरलेलं. आपल्या जुन्या पिढीतल्या दिवाणजीला ही पद्धत दोन मिनिटांत समजली असती.

शिक्का हरवणं ही मोठी भानगड होती. इ.स.पू. ५०० च्या जूनमधल्या एका पत्रात पर्नक्क कळवतो, की पूर्वीचा माझा शिक्का आता बदलला आहे, या पाटीवर उमटवलेला हाच यापुढे माझा. हे न कळवता जुना शिक्का कुणाच्या हाती लागला असता तर त्याच्या नावावर दिवसाला कितीही मेंढरं उचलता आली असती.

आणि राजापुढं ठेवायच्या जनावरांच्या नोंदींवर जो शिक्का दिसतो, तो तर पाहण्यासारखाच. घोड्यावरचा स्वार भाला रोखून पळत्या शत्रूमागं लागलाय, खाली दोन प्रेतं पडली आहेत, आणि लेख आहे ‘अन्शानचा कुरुश, तेइस्पेसचा मुलगा’ (सायरस याच नावाचा आधीचा राजा). दारियसच्या आधीच्या काळातला, पिढ्यानपिढ्या जपलेला हा शिक्का राजाच्या मुदपाकखान्याच्या जनावरांसाठी वापरला जातो, यावरून त्या खात्याचं वजन कळतं. पिठाच्या नोंदींना वेगळा शिक्का होता.

आता मागणीचा आकडा घेऊ. पर्नक्कचा रोजचा शिधा ठरलेला होता: २ मेंढरं, ९० का दारू, १८० का पीठ. ‘का’ हे माप जवळजवळ एका लिटरचं. त्याचा दुय्यम झिश्शविश याला दिवसाला दीड मेंढरू, ३० का दारू, ६० का पीठ. एवढं एका माणसाच्या पोटासाठी नाही हे उघड आहे. त्याच्या भोवतीची माणसं त्यावर जगत. उलट साध्या मजुराला महिन्याला ३० का धान्य मिळे, मांस क्वचित. पुढं पर्सेपोलिसच्याच खजिन्यातल्या नंतरच्या पाट्यांमध्ये मजुरीचा काही भाग रुप्याऐवजी वस्तूंत दिलेला दिसतो, तिथं एक मेंढरू ३ शेकेल (शेकेल हे रुप्याचं वजन) आणि दारूचा एक घडा १ शेकेल असा दर लावलेला आहे.

दिवसाला दोन मेंढरं म्हणजे वर्षाला सातशेच्या वर. ती येणार कुठून, याचं उत्तर बॅबिलोनियातल्या करारात आहे.

निप्पूरला १८९३ मध्ये मुराशू या सावकारी घराण्याचं दप्तर सापडलं. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्यात राजघराण्यातला अर्शाम, इजिप्तचा क्षत्रप म्हणजे प्रांताधिकारी, याच्या मालकीचे कळप मेंढपाळांना लावून दिल्याचे करार आहेत, दुसऱ्या दारियसच्या ११ व्या वर्षातले, म्हणजे इ.स.पू. ४१३-४१२ चे. अर्शाम स्वतः तिथं नाही. त्याचा कारभारी एन्लिल-सुपे-मुहुर व्यवहार करतो. करारात आधी कळपाची फोड: वयस्क मेंढे, दोन वर्षांचे मेंढे, व्यालेल्या मोठ्या माद्या, वर्षाची नर कोकरं, वर्षाची मादी कोकरं, मग बोकड, शेळ्या, करडं. पांढरी-काळी, लहान-मोठी सगळी मिळून इतकी. त्यानंतर दर:

प्रत्येक १०० मेंढ्यांमागं वर्षाला ६६⅔ कोकरं द्यायची. प्रत्येक शेळीमागं एक करडू. प्रत्येक मेंढीमागं दीड मिना लोकर, प्रत्येक शेळीमागं ⅚ मिना केस. प्रत्येक मेंढीमागं एक चीज. शंभर मेंढ्यांमागं एक का लोणी. शंभरांत १० मेलेली चालतील, पण प्रत्येक मेलेल्यामागं एक कातडं आणि अडीच शेकेल कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) जमा करायच्या. चारणं, सांभाळणं आणि राखण, तिन्हींची जबाबदारी मेंढपाळाची.

मिना म्हणजे साधारण अर्धा किलो, शेकेल साडेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मेंढीमागं पाऊण किलो लोकर, शेळीमागं चारशे ग्रॅमच्या वर केस. शंभर मेंढ्यांची लोकर ७५ किलो. लोण्याचा आकडा बघा: शंभर मेंढ्या आणि वर्षाला जेमतेम लिटरभर. मालकाला दुधात फारसा रस नव्हता. बहुतेक दूध कोकरांच्या आणि मेंढपाळाच्या पोटात जायचं, आणि ते शहाणपणाचंच होतं. कारण ६६⅔ कोकरं जगवायची तर आईला फार पिळून चालत नाही.

आपल्याकडे बटईनं किंवा अर्धलीनं शेळ्या सांभाळायला देतात, त्याहून हा व्यवहार मुळातच वेगळा आहे. अर्धलीत जे होईल ते निम्मं-निम्मं. दोन व्याली तर दोन वाटायची, एकही नाही व्याली तर वाटायला काही नाही. इथं दर ठरलेला. शंभरांत ८० कोकरं जगली तर वरची तेरा मेंढपाळाची. ५५ जगली तर अकरा-बारा त्यानं आपल्या खिशातून भरायची. मालकाला जवळ जाऊन बघायचीही गरज नाही. कराराच्या दिवशी कळप मोजला, वर्षानं पुन्हा मोजला, मधलं सगळं मेंढपाळाच्या माथी. शेकडो कोसांवर राहणाऱ्या मालकाला, मग तो राजा असो की अर्शाम, हीच एक पद्धत परवडते.

कातड्याचं कलम मला या सगळ्यात सर्वांत पक्कं वाटतं. मेंढपाळ रानात एकटा. तो म्हणेल लांडग्यानं नेली, रोगानं मेली, नदीत वाहून गेली. खरं की खोटं कसं ठरवणार? करार त्या वादात शिरतच नाही. दहापर्यंत मेलेली मान्य, पण कातडं आण. आणि नुसतं कातडं नाही, जोडीला सुमारे २१ ग्रॅम कंडरा. कातडं एक वेळ शेजारच्या कळपातून मागून आणता येईल, पण कंडरा काढायला अख्खं धड हाताशी लागतं. दोन्ही वस्तू उपयोगाच्याही. कंडरांचे धागे धनुष्याला लागतात, शिवणीला लागतात. म्हणजे मेलेलं जनावर हिशोबातून पुसलं जात नाही, ते मालाच्या दुसऱ्या रकान्यात जातं. लांडग्यानं खरोखरच ओढून नेलेल्या मेंढीचं काय? कातडं नाही, म्हणजे ती सुटीत बसत नाही. मेंढपाळानं भरायची. कलम कठोर आहे, पण त्यामुळंच राखण नीट होत असे.

मोजणी लोकर कातरताना करणं सोयीचं. उरुकच्या एअन्ना या इश्तार देवीच्या मंदिराच्या पाट्यांत कातरणीचं वेगळं घर आणि त्या वेळची तपासणी येते. कारण साधं आहे. वर्षात हाच एक प्रसंग असा, की प्रत्येक जनावर एकेकटं माणसाच्या हाताखालून जातं. दात बघता येतात, खूण बघता येते, कातरलेली लोकर तिथंच तोलता येते. चरत्या कळपाची मोजणी डोळ्यांनी केली की दहा-वीसचा घोळ हमखास.

पण हीच पद्धत बिघडते कुठं, तेही त्याच दरात आहे. ६६⅔ हा चांगल्या वर्षाचा आकडा आहे, आणि करार प्रत्येक वर्ष चांगलंच धरतो. समजा शंभर माद्या दिल्या. करारानुसार वर्षअखेर ९० माद्या आणि ६६⅔ कोकरं हवीत. चारा आटला, २५ माद्या मेल्या, ४५ कोकरं जगली. आता मेंढपाळाकडे येणं निघतं १५ माद्या आणि २१⅔ कोकरं. तेवढी तो आणणार कुठून? बाकी पुढच्या खात्यात चढते. त्या बाकीतल्या माद्यांवरही पुढच्या वर्षी कोकरं धरली, की प्रत्यक्षात नसलेल्या मेंढ्या कागदावर विऊ लागतात. दोन-तीन वाईट वर्षांत बाकी इतकी फुगते की माणूस ती जन्मात फेडू शकत नाही. मग तो पळतो, किंवा वसुली करणाऱ्याशी संधान बांधतो.

उरुकला नेमकं तेच झालं. तिथं मेंढपाळांच्या थकबाकीवर खास माणूस नेमावा लागला होता, गिमिल्लू. वसुलीला जायचं, जनावरं गोळा करायची आणि देवीच्या गोठ्यात आणायची, हे त्याचं काम. वाटेत त्यातली काही त्याच्या स्वतःच्या कळपात शिरली. देवी इश्तारच्या जनावरांवर ताऱ्याची खूण असे, आणि त्या खुणेमुळंच तो सापडला. सायरसच्या पहिल्या वर्षी, इ.स.पू. ५३८ मध्ये, सभेपुढं खटला चालला आणि शिक्षा ठरली एकाला तीस: चोरलेल्या प्रत्येक जनावरामागं तीस भरायची. एवढं होऊनही गिमिल्लू पुढं वर्षानुवर्षं मंदिराच्या कारभारात टिकून राहिला. कुठल्या मेंढपाळाकडे किती येणं आहे, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणार, असा माझा अंदाज. हे कळप मंदिराचे होते, राजाचे नव्हेत, पण मंदिरावर राजाचा अधिकारी बसलेला असे आणि पद्धत तीच होती.

हा दर हाती घेऊन मागची बेरीज करता येते. शंभर माद्यांमागं ६६⅔ येतात, १० जातात, म्हणजे कळप कमी न करता ५६⅔ काढता येतात. पर्नक्कच्या दोन मेंढरांच्या शिध्यामागं साडेबाराशे ते तेराशे माद्यांचा कळप उभा असायला हवा. एका अधिकाऱ्यासाठी.

आणि राजासाठी? ग्रीक लेखक पोलिएनस राजाच्या रोजच्या जेवणाची यादी देतो. त्यात ४०० मेंढे, ३०० कोकरं, १०० बैल, ३० घोडे, ४०० पोसलेली हंस-बदकं. मेंढे आणि कोकरं मिळून ७००. वर्षभर धरलं तर अडीच लाखांच्या वर, आणि त्यामागं साडेचार लाख माद्या. आकडा अशक्य नाही, पण एका ठिकाणी इतक्या मेंढ्यांना चारा मिळत नाही. म्हणूनच दरबार सूसा, एकबताना, बॅबिलोन, पर्सेपोलिस असा फिरत असे आणि ज्या प्रांतात जाई तिथलं खाई. ग्रीक भूगोलकार स्त्राबो सांगतो की कप्पादोकिया (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रुप्याखेरीज वर्षाला १५०० घोडे, २००० खेचरं आणि ५०,००० मेंढरं देत असे. पोलिएनसच्या यादीनं ती मेंढरं ७१ दिवसांत संपली असती.

घोड्यांचं गणित वेगळं. तिथं मांस-लोकर नाही, वीण आणि चंदी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस बॅबिलोनच्या क्षत्रपाच्या पागेत ८०० वळू आणि १६,००० घोड्या देतो, एका वळूमागं वीस. हे प्रमाण मला विश्वासाचं वाटतं. कुठलाही अनुभवी पैदासकार वीस घोड्या एका वळूला झेपतील असंच सांगेल. मीडिया या वायव्य इराणातल्या प्रांतात निसाच्या कुरणांवर एके काळी दीड लाख घोड्या होत्या आणि अलेक्झांडर आला तेव्हा पन्नास हजारांहून जास्त उरल्या नव्हत्या, बहुतेक चोरांनी हाकून नेल्या, असं अलेक्झांडरचा चरित्रकार अरियन लिहितो. देखरेख सैल झाली की मोकळ्या कुरणावरचा कळप कसा वितळतो, ते इथं दिसतं.

सगळे घोडे मोठ्या कुरणांवर नव्हते. आर्मेनियाच्या डोंगरात एका खेड्यात झेनोफन या ग्रीक सेनानी-लेखकाला राजासाठी वाढवलेली १७ शिंगरं मिळाली, खेड्याच्या पाटलाच्या ताब्यात. थंडी भयंकर होती. घरं जमिनीखाली, आत माणसांबरोबर शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या, आणि सगळ्यांना घरातच चारा. त्याच पाटलानं ग्रीकांना शिकवलं, की बर्फातून जाताना घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधा, नाहीतर ते पोटापर्यंत रुततील. राजाची जनावरं अशी गावोगावी पाच-पंचवीसच्या हिशोबानं वाटून ठेवणं रोगराईच्या दृष्टीनंही बरं. एका खेड्यात साथ आली तर सतरा जातात, सतरा हजार नाही.

चाऱ्यात त्यांचा सगळ्यांत टिकाऊ ठेवा म्हणजे लसूणघास. आपण गाई-म्हशींना घालतो तोच. त्याचं इराणी नाव अस्पस्त, ‘घोड्याचं खाणं’, आणि बॅबिलोनी पाट्यांतही ते तसंच आलंय. ग्रीक त्याला मीडियाचं गवत म्हणत, आणि दारियसच्या स्वाऱ्यांबरोबर तो ग्रीसमध्ये आला अशी तिकडची समजूत होती. एकदा पेरला की कित्येक वर्षं कापता येतो, मुळं खोल जातात, उन्हाळ्यात पाणी मिळालं की पुन्हा फुटतो. कोवळा आणि ओला भरपूर खाऊ घातला तर मात्र गुरं-मेंढरं फुगतात, म्हणून सुकवून किंवा कडब्यात मिसळून घालायचा. त्याच्या जोडीला धान्य. पर्सेपोलिसच्या पाट्यांत एक अख्खा वर्ग आहे तो बियाणं आणि जनावरांचं खाद्य यांसाठी धान्य आधीच बाजूला काढल्याचा. वाटप सुरू होण्याआधी हा वाटा वेगळा. ज्यानं दुष्काळात बियाणं खाल्लेलं पाहिलंय त्याला या नोंदीचं मोल कळेल. घोडे, खेचरं, उंट, मेंढरं, कोंबड्या-बदकं, सगळ्यांच्या खुराकाच्या नोंदी आहेत. प्रवासातल्या जनावरांचा वेगळा वर्ग आहे.

प्रवासाच्या शिध्याचा नमुना अर्शामच्याच एका पत्रात मिळतो. त्याचा कारभारी नेहतिहोर इजिप्तला निघालाय. वाटेवरच्या आपल्या कारभाऱ्यांना अर्शाम लिहितो, की याला रोज इतकं पीठ, इतकी दारू, एक मेंढरू द्या, घोड्यांना त्यांच्या संख्येप्रमाणं चारा द्या, आणि एका ठिकाणी एका दिवसाहून जास्त राहिले तर वरच्या दिवसांचं काही देऊ नका. शेवटचं वाक्य वाचून कळतं की मुक्काम लांबवून मेंढरं खाणारे आधी होऊन गेले होते.

हे पत्र कातड्यावर आहे. अर्शामची अशी अरामी भाषेतली पत्रं ऑक्सफर्डला आहेत. पर्सेपोलिसच्या पाट्यांमध्येही कातडी खजिन्यात जमा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि कातड्यावर लिहिणाऱ्या बॅबिलोनी लेखनिकांना दिलेल्या शिध्याच्याही. म्हणजे रानात मेलेल्या मेंढीचं कातडं मेंढपाळ पुरावा म्हणून आणायचा, ते खजिन्यात जायचं, आणि त्यातलंच एखादं कमावून, तासून लेखनिकापुढं यायचं. त्यावर तो पुढच्या कळपाचा हिशोब लिहायचा. पारसमधली ती कातडी कुजून गेली. उरल्या त्या पाट्या, आणि त्यांच्या कडेला दोरीची दोन भोकं.